रुळांवरचे राज्य : माळव्यातील रेल्वे, जकात आणि करारमदार



ज्या शाळेच्या बाकावर बसून मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून दोन शब्द बोलण्याचा योग येणे हे कोणाही विद्यार्थ्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे उभे राहून उत्तर देताना माझी बोबडी वळत असे. आज ते समोर नाहीत. तरी तीच धाकधूक मनात आहे. कारण आज मी जे सांगणार आहे ते एका अर्थी त्यांनीच विचारलेल्या आणि त्या वेळी मला न आलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

गुरुजी आम्हांला इतिहास शिकवीत. एका रविवारी ते आम्हां दहाबारा मुलांना घेऊन उज्जैनच्या स्टेशनावर गेले. छोट्या लाइनीच्या फलाटाशी फतेहाबादकडे जाणारी गाडी उभी होती. गुरुजींनी रुळांकडे बोट दाखवले आणि विचारले, "इंग्रजी अमदानीत या दोन रुळांच्या मधल्या जागेत राज्य कोणाचे होते?" आम्ही एका सुरात म्हणालो, "शिंदे सरकारचे!" गुरुजी हसले. मग स्टेशनाच्या कुंपणाकडे वळून म्हणाले, "कुंपणापलीकडे शिंद्यांचे, हे बरोबर. पण अलीकडे कोणाचे? मोठे झाल्यावर शोधून काढा."

एवढ्याशा प्रश्नात केवढा इतिहास दडलेला होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. तलवारीने जिंकलेल्या मुलुखाचा इतिहास आपण पाठ करतो. कराराच्या एखाद्या कलमाने गेलेल्या हक्काचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. कारण त्यात रणवाद्ये नाहीत, वीरश्री नाही. त्यात आहेत मालाचे डबे, जकातीचे नाके, व्याजाचे दर आणि नुकसानभरपाईचे आकडे. आजचा माझा विषय हाच आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातून रेल्वे गेली तेव्हा इंग्रज सरकार आणि संस्थाने यांच्यात मालवाहतूक व जकात यांबद्दल जे करारमदार झाले, त्यांत कोणाच्या पदरात काय पडले, याचा थोडा हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रथम त्या काळचा माळव्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. 1818 नंतर हा प्रदेश एखाद्या गोधडीसारखा झाला होता. उज्जैन शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे. उज्जैनहून इंदूरला निघाले की वाटेतले सांवेर होळकरांचे. इकडे खाचरोद, बडनगर शिंद्यांकडे. तिकडे महिदपूर, तराना होळकरांकडे. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये. धार, रतलाम, जावरा, सीतामऊ ही आणखी निराळी. बैलगाडीने चारपाच दिवस प्रवास केला की व्यापाऱ्याला चारपाच राजांच्या हद्दी ओलांडाव्या लागत आणि प्रत्येक हद्दीवर नाका असे.

या नाक्यांवर जी वसुली होई तिला राहदारी म्हणत. माल येथे उतरावयाचा नाही, विकावयाचा नाही, केवळ पुढे जावयाचा आहे, तरीही वाटेचा म्हणून द्यावयाचा हा कर. मराठी अमदानीत जकातीचे थळभरीत, थळमोड असे प्रकार असत आणि त्यांचे दाखले कमाविसदाराच्या कचेरीतून मिळत. पुढे माळव्यातील संस्थानांत या सगळ्या खात्याला सायर हे नाव रूढ झाले. सायरचे उत्पन्न हा दरबारांच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता, परंतु व्यापाराला मात्र तो जाच होता. धान्याच्या गोणीला तीनचार ठिकाणी राहदारी पडली की एका परगण्यात स्वस्ताई आणि शेजारच्या परगण्यात महागाई असा प्रकार होई. त्यामुळेच ग्वाल्हेरचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे यांनी 1852 नंतरच्या आपल्या कारभारात राहदारीच्या कितीतरी बाबी बंद केल्या. ही गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. राहदारी वाईट आहे हे सांगावयास आपल्याला कोणी परका लागला नाही. ते आपल्यातल्याच एका जाणत्या कारभाऱ्याने ओळखले होते आणि त्यावर उपायही योजला होता.

आता या नकाशावर अफूचे पीक पाहू. माळव्याची काळी जमीन आणि हिवाळ्यातील कोरडी थंडी या पिकाला मानवली. खसखशीच्या बोंडांना चीर देऊन काढलेला चीक व्यापारी विकत घेत, त्याच्या वड्या बांधीत, त्या पेट्यांत भरीत आणि समुद्रमार्गे चीनकडे धाडीत. उज्जैन ही या व्यापाराची एक प्रमुख पेठ होती. येथील सराफांच्या हुंड्यांवर तो व्यापार चाले. इंग्रजांना बंगालमध्ये अफूचा मक्ता होता. माळव्याची अफू त्यांच्या मक्त्याशी चीनच्या बाजारात स्पर्धा करी, हे त्यांना खपत नव्हते. 1820 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी होळकरांसह अनेक संस्थानांशी करार करून अफूचे उत्पादन व वाहतूक आटोक्यात आणण्याचा प्रयत्न केला. शिंद्यांनी मात्र अशा करारावर सही करण्याचे नाकारले. मध्यभागीच एवढे मोठे भगदाड राहिल्यावर बांध टिकणार कसा? माल मुंबईला न जाता मारवाडातून पाली, जैसलमेर या वाटेने सिंधमध्ये कराचीला जाई आणि तेथून पोर्तुगिजांच्या दमणला उतरे. अखेर 1830 च्या सुमारास इंग्रजांनी तो बांध सोडून दिला आणि निराळी युक्ती काढली. त्यांनी परवान्याची पद्धत आणली. ठरावीक रक्कम भरा, परवाना घ्या आणि माल राजरोस मुंबईला न्या.

ही परवान्याची रक्कम म्हणजे काय, याचा थोडा विचार करा. अफू पिके शिंद्यांच्या, होळकरांच्या, रतलाम-जावऱ्याच्या मुलुखात. ती जाई चीनला. इंग्रजांच्या मुलुखातून ती केवळ पार होई. अशा पार होणाऱ्या मालावर वाटेचा म्हणून घेतलेला कर म्हणजे राहदारीच. नाव तेवढे वेगळे. दर 1835 मध्ये एका पेटीस 125 रुपये होता. कराचीची वाट खुली होती तोवर तो फार वाढवता येत नव्हता. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, चोरवाट बंद झाली आणि त्याच वर्षी दर 200 रुपये झाला. 1845 मध्ये 300, 1847 मध्ये 400 आणि 1861 मध्ये 700 रुपयांवर तो जाऊन पोहोचला. पेटीतील मालाचे वजन सुमारे 140 पौंड. अफूचा मुख्य एजंट इंदूरला बसे. उज्जैनसारख्या पेठांत सरकारी काटे असत. पेट्या काट्यावर चढत, रक्कम भरली जाई, परवाना मिळे आणि मग माल निघे. म्हणजे शिंद्यांच्या शहरात बसून शिंद्यांच्या रयतेच्या मालावर कर घेण्याची ही सोय झाली होती.

अफूने चीनमध्ये काय अनर्थ केला, हे सर्वविदित आहे. त्या व्यापाराचे गोडवे गाण्यासाठी मी उभा नाही. तो बुडाला हे चांगलेच झाले. आपल्या पूर्वजांची पेठ त्या पैशावर उभी होती, हेही आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. माझा मुद्दा निराळा आहे. व्यापार नीतीचा असो वा अनीतीचा, त्यावरील कर कोणी घ्यावा हे कोणत्या न्यायाने ठरले, हा तो मुद्दा होय.

या पार्श्वभूमीवर रेल्वे आली. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग नर्मदेच्या दक्षिणेने खांडव्यावरून गेला. माळवा पठारावर वरच राहिला. तेव्हा माळव्यातील राजांनी स्वतःच्या तिजोऱ्या उघडल्या. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी खांडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत 101 वर्षांची, व्याज साडेचार टक्के. विंध्याचा घाट चढून आणि नर्मदेवर पूल बांधून 1878 पर्यंत ही वाट इंदूरला पोहोचली. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी 1872 मध्ये आग्रा-ग्वाल्हेर मार्गासाठी 75 लाख आणि 1873 मध्ये इंदूर-नीमच मार्गासाठी तितकेच रुपये दिले. याच दशकात फतेहाबादहून फाटा निघून आपले उज्जैन रेल्वेला जोडले गेले. गुरुजींनी आम्हांला दाखवलेली छोटी लाइन ती हीच.

आपले राजे इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पीत होते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. येथे सावकार होते ते राजे आणि ऋणको होते ते जगातील सर्वांत बलाढ्य सरकार. परंतु व्यवहारातील नेहमीचा नियम असा की, ऋणको सावकाराकडे अटी मागत नाही. येथे मात्र उलटे झाले. पैसे देणाऱ्यानेच अटी मान्य केल्या.

संस्थानांतून जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गांच्या करारांत साधारणपणे तीन गोष्टी असत. पहिली ही की, मार्गासाठी लागणारी जमीन दरबाराने विनामूल्य द्यावी. दुसरी ही की, रेल्वेच्या हद्दीतील दिवाणी व फौजदारी अधिकार इंग्रज सरकारच्या स्वाधीन करावेत. तिसरी ही की, रेल्वेने पार जाणाऱ्या मालावर दरबाराने राहदारी घेऊ नये. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या अटीत आहे. कुंपणाच्या अलीकडे राज्य इंग्रजांचे होते. जमीन शिंद्यांची, मार्गासाठी दिलेला पैसा शिंद्यांचा, पण रुळांमध्ये कोणी चोरी केली तर खटला इंग्रजी कायद्याने चाले. पट्टी असेल दहावीस हात रुंद, पण लांबीने ती साऱ्या राज्याच्या आरपार गेली होती.

तिसरी अट व्यापाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. धावत्या गाडीला प्रत्येक हद्दीवर थांबवून डबे उघडणे शक्यच नव्हते. तसे केले असते तर रेल्वे आणि बैलगाडी यांत फरक तो काय राहिला असता? म्हणून माल जेथे चढतो आणि जेथे उतरतो तेवढी दोनच ठिकाणे दरबारांच्या हाती उरली. सायरचे कारकून आता हद्दीवरच्या नाक्यावरून उठून स्टेशनाच्या कुंपणाबाहेर येऊन बसले. माल स्टेशनाबाहेर पडला की आयातीची जकात, स्टेशनात शिरावयाचा झाला की निर्यातीची जकात. मधला सारा प्रवास त्यांच्या दृष्टीने जणू आकाशमार्गाने होऊ लागला.

आता न्यायबुद्धीने पाहावयाचे तर ही अट वाईट होती असे मला म्हणता येत नाही. राहदारी उठल्याने व्यापाऱ्याचा खर्च वाचला आणि धान्याला मोकळी वाट मिळाली. दुष्काळात तर या मोकळ्या वाटेचे मोल जिवाइतके होते. दिनकररावांनी जे केले तेच रेल्वेने अधिक मोठ्या प्रमाणावर केले. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते तेही पाहा. पार जाणाऱ्या मालावर कर घेणे अनिष्ट, हे तत्त्व दरबारांना शिकवणारे सरकार स्वतः मात्र माळव्याच्या पार जाणाऱ्या अफूवर पेटीमागे शेकडो रुपये घेतच राहिले. ती पेटी आता त्याच रेल्वेने जाऊ लागली. म्हणजे शिंद्यांच्या आणि होळकरांच्या पैशाने बांधलेल्या मार्गावर शिंद्यांना आणि होळकरांना राहदारीची बंदी, आणि त्याच मार्गाने जाणाऱ्या त्यांच्याच रयतेच्या मालावर इंग्रजांची राहदारी सुरू. तत्त्व एकच, परंतु ते लागू कोणाला करावयाचे हे बलवानाने ठरवले. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आले, त्या दिवशी मला गुरुजींच्या हसण्याचा अर्थ कळला.

मिठाच्या बाबतीतही असेच घडले. मिठावरील कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून थेट महानदीच्या खोऱ्यापर्यंत शेकडो कोस लांबीची एक जकातरेषा आखली होती. कित्येक ठिकाणी ती काटेरी कुंपणाची होती आणि तिच्यावर हजारो शिपाई पहारा करीत. रेल्वे पसरू लागली तशी ही रेषा निरुपयोगी ठरली. कर हद्दीवर घेण्यापेक्षा मीठ जेथे तयार होते तेथेच घेणे सोयीचे. त्यासाठी सांभर सरोवर जयपूर व जोधपूरकडून पट्ट्याने घेतले गेले आणि इतर संस्थानांशी करार झाले. 1879 च्या करारान्वये ग्वाल्हेर दरबाराने आपल्या हद्दीतील मीठ तयार करण्याचे काम आवरते घेतले आणि इंग्रजी कर भरलेल्या मिठावरील राहदारी सोडली. मोबदल्यात दरसाल तीन लाखांहून अधिक रुपये मिळू लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती जकातरेषा उठली. कुंपण गेले ही आनंदाचीच गोष्ट. पण भिंड-मुरैनेकडच्या ज्या गरिबांचे पोट खाऱ्या मातीतून मीठ काढण्यावर चाले, त्यांचा धंदा गेला. आणि भरपाई पोहोचली ती तिजोरीत. करारावर सह्या करणारे आणि कराराने भरडले जाणारे हे सहसा निराळे असतात, हा धडा येथे मिळतो.

मग प्रश्न असा येतो की, याहून चांगला करार होणे त्या काळी शक्य होते काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ कल्पनेने देण्याची गरज नाही. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले त्रावणकोरचे. 1865 मध्ये इंग्रज सरकार, त्रावणकोर आणि कोचीन यांच्यात व्यापारविषयक करार झाला. परस्परांतील जकाती बहुतांशी उठल्या. पण संस्थानांचे जे उत्पन्न बुडेल त्याची भरपाई करण्याची हमी करारात घालण्यात आली. त्या वेळी त्रावणकोरचे दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरकडील मराठी घराण्यातले. हेच माधवराव पुढे 1873 ते 1875 या काळात इंदूरला होळकरांचे दिवाण होते. मात्र होळकरांचा कर्जाचा करार ते येण्यापूर्वीच झालेला होता. त्रावणकोरला समुद्र होता, बंदरे होती. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते. माळव्याला समुद्र नव्हता. हा फरक दिवाणाच्या बुद्धीने भरून येणारा नव्हता.

दुसरे उदाहरण गोमंतकाचे. 26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यान्वये गोव्याची आणि ब्रिटिश हिंदुस्थानची जकातव्यवस्था एक झाली, मुरगाव बंदरापासून सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधण्याचे ठरले, आणि मिठावरील नियंत्रणाच्या मोबदल्यात पोर्तुगिजांना दरसाल 4 लाख रुपये मिळू लागले. येथे दोन सार्वभौम राष्ट्रे समोरासमोर बसली होती, म्हणून तहाला बारा वर्षांची मुदत होती. ती संपताच 1892 मध्ये तो रद्दही झाला आणि जकातीची चौकी पुन्हा हद्दीवर आली. गोव्याच्या सामान्य रयतेला, विशेषतः आगरांतून मीठ पिकवणाऱ्यांना, तो तह सुखाचा झाला असे नाही. पण करार मुदतीचा होता, बदलता येत होता. आपल्या दरबारांचे रेल्वेचे करार मात्र एकशे एक वर्षांचे किंवा मुदतच नसलेले. ज्या कराराला शेवट नाही, त्याला करार म्हणावे की दानपत्र?

अर्थात करारातील शब्द अगदीच निरुपयोगी असतात असेही नाही. हैदराबाद संस्थानातील एक प्रसंग या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील एका रहिवाशावर सिमल्यात घडलेल्या म्हणून सांगितलेल्या गुन्ह्याचा आरोप होता आणि त्याला निजामाच्या मुलुखातील एका रेल्वे स्टेशनावर इंग्रजी हुकमाने पकडण्यात आले. रेल्वेची हद्द आमची, तेव्हा पकडण्याचा अधिकारही आमचा, असा सरकारचा दावा. प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1897 मध्ये निकाल लागला तो असा की, निजामाने दिलेला अधिकार रेल्वेच्या कामापुरता होता. रेल्वेशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी तेथे अटक करणे बेकायदा होय. इंग्रजांच्याच सर्वोच्च न्यायासनाने इंग्रज सरकारला सांगितले की, रूळ तुमच्या ताब्यात असले तरी त्याखालची भूमी निजामाचीच आहे. कागदावरील एका मर्यादेने एका माणसाचे स्वातंत्र्य राखले. विद्यार्थी मित्रहो, कागद नीट लिहिणे आणि नीट वाचणे याला किती महत्त्व आहे, हे यावरून समजावे.

आता आपल्या उज्जैनकडे परत येऊ. छोट्या लाइनीने उज्जैन जोडले गेले खरे, पण या मार्गात एक मोठी अडचण होती. खांडव्याला मोठ्या रुळांचा मार्ग आणि आपल्याकडे लहान रुळांचा. त्यामुळे मुंबईच्या मालाचे डबे खांडव्याला रिकामे करून दुसऱ्या डब्यांत भरावे लागत. हमाली वाढे, वेळ जाई, माल फुटे. शिवाय इंदूर मुख्य मार्गावर, उज्जैन फाट्यावर. एके काळी शिंद्यांची राजधानी असलेली आणि 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला गेल्यावरही व्यापाराच्या बळावर टिकलेली ही पेठ इंदूरच्या मागे पडू लागली. राजकारणाने जे झाले नव्हते ते रेल्वेच्या आखणीने झाले. पुढे 1896 मध्ये भोपाळ-उज्जैन हा मोठ्या रुळांचा मार्ग सुरू झाला. त्याच्या भांडवलात ग्वाल्हेर आणि भोपाळ या दोन्ही दरबारांचा वाटा होता. नागदा-रतलाम-गोध्रा या वाटेने गुजरातशीही जोड मिळाली आणि उज्जैनचा माल डबा न बदलता मुंबईस जाऊ लागला. 1907 मध्ये चीनशी झालेल्या समझोत्यानंतर अफूची निर्यात घटत गेली आणि 1913 च्या सुमारास चीनकडे जाणारी वाट कायमची बंद झाली. तिच्या जागी कापूस आला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापडगिरण्यांचे भोंगे आले. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांचा प्रपंच त्या गिरण्यांवर चालला. आज ते भोंगेही थांबले आहेत.

जकातीचा वाद मात्र अफूबरोबर संपला नाही, उलट वाढला. मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालावर इंग्रज सरकार जकात घेई. तो माल रेल्वेने माळव्यात येऊन विकला जाई तेव्हा ती जकात माळव्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातूनच गेलेली असे. 1894 मध्ये सामान्य दर शेकडा 5 होता. 1921 मध्ये तो 11 आणि 1922 मध्ये 15 झाला. तेव्हा संस्थानिकांनी विचारले की, आमच्या रयतेने भरलेल्या या जकातीत आमचा वाटा कोठे आहे? 1929 च्या बटलर समितीपुढे आणि 1932 च्या डेव्हिडसन समितीपुढे रेल्वे, मीठ, जकात यांची गाऱ्हाणी मांडली गेली. समित्यांचे अहवाल आले, संघराज्याची योजना 1935 च्या कायद्यात उतरली, पण ते संघराज्य प्रत्यक्षात आलेच नाही. येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. संस्थानिक रयतेच्या नावाने वाटा मागत होते, पण तो वाटा रयतेपर्यंत कसा पोहोचणार, हे विचारण्याचा अधिकार त्यांनी रयतेला क्वचितच दिला होता.

या गुंतागुंतीचा शेवट स्वातंत्र्यानंतर झाला. 28 मे 1948 रोजी मध्य भारत संघ अस्तित्वात आला. शिंदे, होळकर, पवार यांच्या हद्दी एकमेकींत मिसळल्या. 1 एप्रिल 1950 पासून आर्थिक एकीकरण होऊन संस्थानांच्या रेल्वे आणि केंद्रीय स्वरूपाचे कर भारत सरकारकडे गेले. 1951 मध्ये पश्चिम रेल्वे स्थापन झाली आणि उज्जैन तिच्यात आले. देशभर व्यापाराची मोकळीक असावी, हे तत्त्व राज्यघटनेच्या 301 व्या कलमात घातले गेले. जे तत्त्व पूर्वी बलवानाने दुर्बळावर लादले होते, तेच आता सर्वांनी मिळून, सर्वांवर सारखेच बंधनकारक म्हणून स्वीकारले. तत्त्व तेच असले तरी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पण म्हणून प्रश्न संपले असे समजू नये. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या हद्दींवरील नाके उठले, आणि मालगाडीवाल्याच्या हातात पूर्वीच्या दस्तकाऐवजी ई-वे बिल आले. नाके गेले याचा आनंद मानावा. त्याचबरोबर जे उत्पन्न राज्यांनी सोडले त्याची भरपाई किती, कोठवर, वाटणी कोणत्या निकषावर, हे प्रश्न नव्या रूपात उभे राहिलेच. 1865 मध्ये त्रावणकोरने विचारलेला प्रश्न आणि आजच्या राज्यांनी विचारलेला प्रश्न यांत नाते आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आज हे प्रश्न ज्या सभेत विचारले जातात तेथे बसणारे आपण निवडून दिलेले असतात.

श्रोतेहो, आजच्या विवेचनाचा सारांश असा. रेल्वेने माळव्याचे भले केले की वाईट, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. तिने दोन्ही केले. राहदारी उठली हे योग्यच झाले. अन्याय राहदारी उठण्यात नव्हता. एकाला लागू झालेला नियम दुसऱ्याला लागू झाला नाही, यात तो होता. आपल्या राजांनी रेल्वेसाठी द्रव्य दिले, भूमी दिली, दूरदृष्टीही दाखवली. पण देताना काय राखून ठेवावयाचे, हे ठरवण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. आणि ज्या रयतेच्या घामातून ते द्रव्य आले होते, तिला तर कोणी विचारलेच नाही.

शाळेतील विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की, पुढे तुम्ही कोणी वकील व्हाल, कोणी व्यापारी, कोणी अधिकारी, कोणी लोकप्रतिनिधी. तुमच्यासमोर कागद येतील. त्यावरील रकमेचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरेल. व्याज किती, भरपाई किती, हे पाहाच. पण त्याच्या खालची बारीक अक्षरातील कलमे सोडू नका. मुदत किती आहे, अधिकार कोणाकडे जातो, तो परत येण्याची वाट ठेवली आहे काय, आणि याचा भार ज्याच्यावर पडणार त्याला कोणी विचारले आहे काय, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

गुरुजींनी दिलेला अभ्यास पुरा करावयास मला आयुष्याचा बराच भाग लागला. ती छोटी लाइन आता नाही. फतेहाबादकडचे लहान रूळ उखडून तेथे मोठे रूळ बसले आहेत. आज कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे राज्य एकच आहे, आणि ते तुमचे-आमचे आहे. हे उत्तर ऐकून गुरुजी कदाचित पुन्हा हसतील आणि म्हणतील, "तुमचे आहे ना? मग हिशेबही तुम्हीच ठेवा."